स्वस्त भाड्याचे सरकारी घर : लखनौच्या तेलीबाग परिसरात शोध आणि अर्जाची पद्धत

नोकरी, शिक्षण अथवा उपचारांसाठी परप्रांतातील शहरात जाणाऱ्या अल्प उत्पन्न कुटुंबापुढील पहिला प्रश्न निवाऱ्याचा असतो. सरकारी अनुदानातून उभारलेले घर माफक भाड्याने मिळावे, अशी अपेक्षा घेऊन अनेक जण महापालिका आणि विकास प्राधिकरणांच्या कार्यालयांत जातात. त्यांच्या हाती बहुधा मालकीच्या घराचा अर्ज पडतो. भाड्याच्या घराची योजना वेगळी आहे आणि तिचा मार्गही वेगळा आहे. हा फरक ठाऊक नसल्यामुळे अर्जदाराचा वेळ वाया जातो, आणि प्रसंगी मध्यस्थाच्या हाती पैसाही जातो. उत्तर प्रदेशची राजधानी लखनौमधील तेलीबाग परिसर समोर ठेवून या संपूर्ण प्रक्रियेची माहिती येथे देण्यात येत आहे.

तेलीबाग : वस्ती आणि मागणी

तेलीबाग हा लखनौच्या दक्षिण भागातील, रायबरेली मार्गावरील दाट वस्तीचा परिसर आहे. लष्करी छावणीचा भाग येथून जवळ आहे. याच मार्गावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था हे मोठे रुग्णालय आणि १९९६ साली स्थापन झालेले बाबासाहेब भीमराव आंबेडकर केंद्रीय विद्यापीठ आहे. शेजारी उत्तर प्रदेश आवास व विकास परिषदेने वसवलेली वृंदावन योजना ही विस्तीर्ण वसाहत आहे. त्यामुळे रुग्णालयातील कंत्राटी कर्मचारी, बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या महिला, विद्यार्थी आणि दूरवरून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक अशा सर्वांची भाड्याच्या खोलीसाठी येथे सतत मागणी असते.

मराठी वाचकांनाही हा प्रश्न परका नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून बाहेर पडलेले सोने-चांदी गलाईचे कारागीर देशभरातील सराफ बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आहेत. लष्करातील जवान, विद्यार्थी आणि उपचारांसाठी जाणारी कुटुंबे यांचीही ये-जा चालू असते. यांपैकी बहुतेकांना परगावी घर विकत घ्यावयाचे नसते. काही महिने अथवा काही वर्षे सुरक्षितपणे राहता यावे, एवढीच त्यांची गरज असते.

मालकीचे घर आणि भाड्याचे घर

भारतातील सरकारी गृहनिर्माण योजनांचा मुख्य भर आजवर मालकीच्या घरावर राहिला आहे. २००५ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान, त्यानंतरची राजीव आवास योजना आणि २०१५ ची प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) या सर्वांत लाभार्थ्याच्या नावे घर करून देणे, हे उद्दिष्ट प्रमुख होते. लखनौमध्येही तसेच घडले. लखनौ विकास प्राधिकरणाने शारदानगर विस्तार आणि बसंतकुंज येथे प्रधानमंत्री आवास योजनेतील सदनिका बांधल्या. अवध विहार योजनेत 'लाइट हाऊस' प्रकल्पाच्या १,०४० घरांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी करण्यात आली. ही घरे भाड्याने देण्यासाठी नसून पात्र कुटुंबांना मालकी हक्काने देण्यासाठी होती.

दुसरीकडे, भाड्याने राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी सुमारे २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. त्याच वेळी शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती. २०१२ साली केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने शहरी घरांची तूट १ कोटी ८७ लाखांहून अधिक असल्याचे नमूद केले. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील होती. घरे रिकामी आणि गरीब बेघर, अशी ही विसंगती आहे. भाडेतत्त्वावरील योजनांचा विचार त्यातूनच पुढे आला.

भाडेतत्त्वावरील योजनांचे स्वरूप

२०२० सालच्या टाळेबंदीत लक्षावधी मजूर शहरे सोडून गावी परतले. भाडे देणे शक्य नसणे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. या पार्श्वभूमीवर ८ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांच्या योजनेस मंजुरी दिली. योजनेचे दोन प्रकार ठरविण्यात आले. पहिल्या प्रकारात सरकारी निधीतून बांधलेली रिकामी घरे दुरुस्त करून २५ वर्षांसाठी भाड्याने द्यावयाची होती. दुसऱ्या प्रकारात सार्वजनिक अथवा खासगी संस्थांनी स्वतःच्या जमिनीवर अशी संकुले बांधून ती २५ वर्षे चालवावयाची होती.

या संकुलांत ३० चौरस मीटरपर्यंतची एका शयनगृहाची घरे, ६० चौरस मीटरपर्यंतची दोन शयनगृहांची घरे आणि सामायिक निवासातील खाटा अशी सोय अपेक्षित होती. पहिल्या प्रकारातील घरांचे सुरुवातीचे भाडे स्थानिक पाहणीच्या आधारे ठरविण्याचे बंधन होते. त्यानंतर दर दोन वर्षांनी ८ टक्के आणि पाच वर्षांत एकूण २० टक्के, एवढीच वाढ करता येईल, असा नियम करण्यात आला.

प्रत्यक्षात योजनेचा विस्तार मर्यादित राहिला. पहिल्या प्रकारात चंडीगडमध्ये २,१९५ आणि सुरतमध्ये ३९३ घरे भाड्याने देण्यासाठी घेण्यात आली. या प्रकारात देशभरात रूपांतरित झालेल्या घरांची संख्या संसदेत ५,६४८ अशी सांगण्यात आली.

१ सप्टेंबर २०२४ पासून प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० लागू झाली. तिच्या चार घटकांपैकी एक घटक परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा आहे. घर विकत घेण्याची इच्छा वा ऐपत नसलेल्या, परंतु काही काळासाठी निवाऱ्याची गरज असलेल्या शहरवासीयांसाठी हा घटक आहे. नोकरदार महिला, औद्योगिक कामगार, स्थलांतरित मजूर, बेघर आणि विद्यार्थी यांचा त्यात उल्लेख आहे. खेड्यातील घर आणि शेती कायम ठेवून शहरात काम करणाऱ्या माणसाची गरज हाच घटक ओळखतो.

मुंबईचा अनुभव

भाड्याच्या सरकारी घरांची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईतील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात तत्कालीन विकास विभागाने उभारल्या आणि अनेक दशके तेथील कामगार कुटुंबे नाममात्र भाड्यात राहिली. २००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. खासगी विकासकास चार चटईक्षेत्र निर्देशांक द्यावयाचा आणि त्या बदल्यात भाड्याची घरे मिळवावयाची, अशी तिची रचना होती. शहरात नव्याने आलेल्यांना झोपडपट्टीखेरीज पर्याय मिळावा, हा हेतू होता.

पुढे या योजनेचे धोरण बदलले आणि घरे मालकीच्या वाटपाकडे वळविण्यात आली. पनवेलजवळील कोन येथील २,४१७ घरांसाठी २०१६ साली गिरणी कामगारांची सोडत काढण्यात आली. गिरणी कामगारांचा हक्क रास्तच होता. परंतु भाड्याने राहू इच्छिणाऱ्या गरिबाच्या वाट्याची घरे त्यामुळे कमी झाली. भाड्याची घरे बांधणे जेवढे अवघड, तेवढेच ती भाड्याची म्हणून टिकविणेही अवघड आहे, हा या अनुभवाचा बोध आहे. अर्जदाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की, योजनेचे नाव ऐकून थांबू नये. संबंधित संकुल आज भाडेतत्त्वावर चालू आहे किंवा नाही, याची खातरजमा प्रथम करावी.

पात्रता कशी ठरते

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असल्यास ते आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात मोडते. ३ ते ६ लाख रुपये उत्पन्नाचा गट अल्प उत्पन्न गट, तर ६ ते ९ लाखांचा गट मध्यम उत्पन्न गट मानला जातो. दरमहा १२ हजार रुपये मिळविणाऱ्या कामगाराचे वार्षिक उत्पन्न १ लाख ४४ हजार रुपये होते, म्हणजे तो पहिल्या गटात येतो. पती-पत्नी दोघेही कमावत असल्यास दोघांचे उत्पन्न एकत्र धरावे लागते.

मालकीच्या घरासाठी आणखी दोन अटी महत्त्वाच्या आहेत. पती, पत्नी आणि अविवाहित अपत्ये मिळून कुटुंब मानले जाते. या कुटुंबातील कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर असता कामा नये. तसेच मागील २० वर्षांत कोणत्याही सरकारी गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतलेला नसावा. साताऱ्यात अथवा लातुरात स्वतःच्या नावे पक्के घर असलेल्या व्यक्तीने लखनौत मालकीच्या घरासाठी अर्ज केल्यास तो नियमात बसत नाही. ही माहिती दडवून प्रतिज्ञापत्र देणे धोक्याचे आहे. वाटप रद्द होऊ शकते आणि अनुदानाची वसुलीही होऊ शकते.

राखीव गटातील अर्जदारांनी एक बाब विशेष लक्षात ठेवावी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात स्थलांतर करणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला नव्या राज्यातील आरक्षण आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० सालच्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील जातप्रमाणपत्राच्या आधारे राखीव कोट्यातून अर्ज करण्यापूर्वी संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. उत्पन्नाच्या आधारावरील अर्जासाठी जातप्रमाणपत्र हा अडसर ठरत नाही.

कागदपत्रांची तयारी

अर्जापूर्वी पुढील कागदपत्रे मूळ प्रत आणि छायांकित प्रत अशा दोन्ही स्वरूपांत तयार ठेवावीत :

• अर्जदाराचे आणि कुटुंबातील सर्व सदस्यांचे आधार कार्ड
• आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक
• उत्पन्नाचा दाखला. नोकरदारांसाठी वेतनपत्रक अथवा मालकाचे पत्र
• सध्याच्या वास्तव्याचा पुरावा; भाडेकरार अथवा भाड्याच्या पावत्या
• लागू असल्यास जातप्रमाणपत्र, दिव्यांगत्वाचा दाखला अथवा कामगार मंडळाचे नोंदणीपत्र
• अलीकडील छायाचित्रे आणि चालू भ्रमणध्वनी क्रमांक

महाराष्ट्रात उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. उत्तर प्रदेशातही तो तहसील स्तरावरूनच दिला जातो आणि त्याचा अर्ज जनसेवा केंद्रातून करता येतो. कार्यालयीन कामकाज हिंदीत चालते. म्हणून मराठीतील दाखल्याचे प्रमाणित हिंदी अथवा इंग्रजी भाषांतर सोबत ठेवल्यास फेऱ्या वाचतात. सर्व कागदपत्रांवरील नाव एकसारखे असणे अत्यावश्यक आहे. मराठी पद्धतीनुसार आडनाव आधी लिहिलेले असेल, किंवा वडिलांचे अथवा पतीचे नाव मध्ये असेल, तर आधारवरील नावाशी मेळ बसत नाही आणि अर्ज अडकतो. ही दुरुस्ती अर्ज करण्यापूर्वीच करून घ्यावी.

अर्ज कोठे करावा

उत्तर प्रदेशात प्रधानमंत्री आवास योजनेचे (शहरी) काम राज्य स्तरावर राज्य नगरीय विकास अभिकरण आणि जिल्हा स्तरावर जिल्हा नगरीय विकास अभिकरण पाहते. जिल्हा कार्यालय लोकांच्या बोलण्यात 'डूडा' या नावाने ओळखले जाते. तेलीबागमधील रहिवाशाने पहिली चौकशी येथे करावी. प्रश्न नेमका विचारावा : भाडेतत्त्वावरील घटकाखाली शहरात कोणते संकुल मंजूर अथवा चालू आहे, ते कोण चालवते आणि प्रवेश कसा दिला जातो? केवळ 'आवास योजनेचा अर्ज' असे म्हटल्यास मालकीच्या घराचा अर्ज पुढे केला जाण्याची शक्यता अधिक असते.

दुसरी चौकशी लखनौ विकास प्राधिकरणाकडे आणि तिसरी आवास व विकास परिषदेकडे करावी. या दोन्ही संस्था प्रामुख्याने विक्रीच्या योजना राबवितात. त्यांच्या योजनांची नोंदणी ठरावीक मुदतीत आणि जाहिरातीनंतरच होते. वाटप बहुधा सोडतीने होते. महाराष्ट्रातील म्हाडाच्या सोडतीशी परिचित असलेल्या वाचकांना ही पद्धत सहज समजेल.

मालकीच्या घरासाठी ऑनलाइन अर्ज केंद्र सरकारच्या एकत्रित संकेतस्थळावर करता येतो. आधार क्रमांकाची पडताळणी झाल्यानंतर माहिती भरावयाची असते आणि अर्ज क्रमांक मिळतो. संगणकाची सोय नसलेल्यांनी सामान्य सेवा केंद्राची मदत घ्यावी. अर्ज क्रमांक आणि पोचपावती जपून ठेवावी. पुढील प्रत्येक चौकशीत ती मागितली जाते.

भाड्याच्या संकुलाची पद्धत निराळी आहे. २०२० च्या योजनेत संकुल चालविणाऱ्या संस्थेने थेट भाडेकरू निवडावा अथवा कारखाना, रुग्णालय, शिक्षणसंस्था यांच्याशी करार करून त्यांच्या कर्मचाऱ्यांना जागा द्यावी, अशी तरतूद होती. भाडे वेतनातून कापून संस्थेला देण्याचीही मुभा होती. म्हणून ज्या ठिकाणी आपण काम करतो तेथील व्यवस्थापनास, कंत्राटदारास अथवा विद्यापीठाच्या वसतिगृह कार्यालयास असा करार आहे काय, हे विचारणे उपयुक्त ठरते. अनेकदा भाड्याच्या घराचा मार्ग सरकारी खिडकीतून जात नाही. तो कामाच्या ठिकाणाहून जातो.

दाद न मिळाल्यास राज्य सरकारच्या 'जनसुनवाई' या तक्रार संकेतस्थळावर अथवा मुख्यमंत्री मदतवाहिनीच्या १०७६ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

नोकरदार महिलांसाठी

एकट्या राहणाऱ्या नोकरदार महिलांसाठी केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती' अंतर्गत 'सखी निवास' ही वसतिगृहांची योजना आहे. या योजनेत शुल्क उत्पन्नाशी जोडलेले आहे. एका खाटेच्या खोलीसाठी एकूण वेतनाच्या १५ टक्के, दोन खाटांच्या खोलीसाठी १० टक्के आणि सामायिक निवासासाठी साडेसात टक्के, यांहून अधिक भाडे आकारता येत नाही. १२ हजार रुपये वेतन असलेल्या महिलेस सामायिक निवासासाठी दरमहा ९०० रुपयांपेक्षा अधिक भाडे पडणार नाही. भोजनाचा खर्च वेगळा असतो. लहान मुले असलेल्या मातांचाही या योजनेत विचार केलेला आहे. उत्तर प्रदेशात महिला कल्याण विभागाचे जिल्हा स्तरावरील काम जिल्हा प्रोबेशन अधिकारी पाहतात. जागेची चौकशी त्यांच्या कार्यालयात करावी.

खासगी खोली घ्यावी लागल्यास

अनुदानित घर मिळेपर्यंत बहुतेकांना खासगी खोलीतच राहावे लागते. त्यामुळे भाडेकरूचे कायदेशीर संरक्षण जाणून घेणे अर्ज भरण्याइतकेच महत्त्वाचे आहे. उत्तर प्रदेशात १९७२ च्या जुन्या भाडे नियंत्रण कायद्याच्या जागी २०२१ साली शहरी परिसर भाडेकरार विनियमन कायदा लागू झाला. त्यातील प्रमुख तरतुदी अशा :

• भाडेकरार लेखी असावा.
• निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही. भाडे ४ हजार रुपये असल्यास अनामत ८ हजारांपर्यंतच.
• वाद झाल्यास घरमालकाला वीज अथवा पाणी तोडता येत नाही.
• दुरुस्ती अथवा पाहणीसाठी खोलीत येण्यापूर्वी घरमालकाने पूर्वसूचना द्यावी लागते.
• वाद सोडविण्यासाठी भाडे प्राधिकरण आणि भाडे न्यायाधिकरण यांची व्यवस्था आहे.

कायद्याने भाडेकरूवरही जबाबदारी टाकली आहे. दोन महिन्यांचे भाडे थकल्यास घरमालक जागा रिकामी करून मागू शकतो. भाडे शक्यतो बँकेमार्फत द्यावे; रोख दिल्यास पावती घ्यावी. हीच पावती पुढे वास्तव्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते. पोलिसांकडील भाडेकरू पडताळणी राज्य पोलिसांच्या 'यूपीकॉप' या मोबाइल सेवेद्वारेही करता येते.

रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांनी घाईने महिन्याची खोली घेण्यापूर्वी रुग्णालयाच्या समाजसेवा अथवा जनसंपर्क कक्षात नातेवाइकांच्या निवासाची चौकशी करावी. काही दिवसांच्या मुक्कामासाठी अनामत देऊन खोली घेणे सहसा परवडत नाही.

फसवणुकीपासून सावधगिरी

'सरकारी सदनिका स्वस्त भाड्याने' अशा जाहिराती रुग्णालये आणि मजूर अड्ड्यांच्या आसपास दिसतात. यांपैकी काही सदनिका मालकी योजनेतील लाभार्थ्यांनी परस्पर भाड्याने दिलेल्या असतात. अशा घरात लाभार्थ्याने स्वतः राहणे अपेक्षित असते. तपासणीत प्रकार उघडकीस आल्यास वाटप रद्द होण्याची कारवाई लाभार्थ्यावर होते, मात्र त्याच दिवशी सामान रस्त्यावर येते ते भाडेकरूचे. अनामत परत मिळण्याची शक्यताही कमी असते. म्हणून सरकारी योजनेतील सदनिका भाड्याने घेण्यापूर्वी ती भाडेतत्त्वावरील घटकातील आहे काय, हे प्राधिकरणाकडून तपासून घ्यावे.

अर्ज 'पुढे सरकवून देतो' असे सांगणाऱ्या मध्यस्थास पैसे देऊ नयेत. सोडतीत कोणाचीही शिफारस चालत नाही. सेवा केंद्राचे नाममात्र शुल्क आणि विक्री योजनेची अधिकृत नोंदणी रक्कम यांव्यतिरिक्त कोणताही खर्च नाही. नोंदणी रक्कम बँकेतच भरावी. आधार क्रमांक, बँक खाते आणि पडताळणीचा संकेतांक अनोळखी व्यक्तीस सांगू नये.

थोडक्यात क्रम

प्रथम आपली गरज ठरवावी : मालकीचे घर हवे की काही वर्षांचा निवारा. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला आणि नावांतील दुरुस्त्या पूर्ण कराव्यात. 'डूडा' कार्यालयात भाडेतत्त्वावरील घटकाची स्पष्ट चौकशी करावी. कामाच्या ठिकाणी करार आहे काय, हे विचारावे. नोकरदार महिलांनी 'सखी निवास'चा पर्याय तपासावा. दरम्यानच्या काळात खासगी खोली लेखी करारानेच घ्यावी.

भाड्याच्या सरकारी घरांची संख्या आज गरजेच्या तुलनेत अल्प आहे, त्यामुळे अर्ज केला म्हणजे घर मिळेलच, असे नाही. तथापि मालकीच्या घरांसाठी ज्याप्रमाणे अर्जांच्या संख्येवरून मागणी मोजली जाते, त्याचप्रमाणे भाड्याच्या घराची मागणीही नोंदविली गेली तरच ती प्रशासनाच्या हिशेबात येईल. तेलीबागमधील एखाद्या कामगाराने 'डूडा' कार्यालयात दिलेला लेखी अर्ज आणि त्याची पोचपावती यांचे मोल त्यामुळे केवळ त्याच्यापुरते राहत नाही.